फ्रेंच युद्धपट : संयम की सोयीचे मौन?

धागालेखक

युद्धपट म्हटला की तोफांचा धडाका आणि चिखलातून धावणारे सैनिक डोळ्यांपुढे येतात. चांगले फ्रेंच युद्धपट मात्र रणांगण टाळतात आणि माझ्या मते त्यांचे मोठेपण त्यातच आहे. ज्याँ रेन्वारचा 'ला ग्रांद इल्युजन' (१९३७) पहिल्या महायुद्धावर असूनही त्यात एकही लढाई नाही. जर्मन छावणीत युद्धकैद्यांचे नाटक चालू असताना दुओमोंचा किल्ला फ्रेंचांनी परत घेतल्याची बातमी येते, स्त्रीवेषातला एक इंग्रज कैदी डोक्यावरचा टोप उतरवतो आणि सगळे 'मार्सेयेज' हे फ्रेंच राष्ट्रगीत गाऊ लागतात. पुढे तोच किल्ला पुन्हा जर्मनांच्या हाती जातो. ज्याँ-पिएर मेलव्हिलच्या 'आर्मी ऑफ शॅडोज'मध्ये (१९६९) तर दुसऱ्या महायुद्धात जर्मन अमलाविरुद्ध लढणारे भूमिगत कार्यकर्ते फितूर झालेल्या आपल्याच पोरसवदा साथीदाराला मारायला एका घरात नेतात, पण शेजारी बिऱ्हाड आल्यामुळे गोळी झाडता येत नाही आणि कसे मारायचे याची चर्चा त्याच्या देखतच होते. शेवटी ते टॉवेलने त्याचा गळा आवळतात. हा प्रसंग पाहिल्यावर 'क्रांतिकारक' हा शब्द सहज तोंडी येत नाही.

प्रतिसाद १

उदाहरणे चोख आहेत, पण निवड सोयीची आहे. न दाखवणे हा नेहमीच कलात्मक संयम नसतो. आलँ रेनेच्या 'नाइट अँड फॉग' (१९५६) या नात्झी छळछावण्यांवरच्या अवघ्या ३२ मिनिटांच्या माहितीपटात फ्रान्समधल्याच पितिव्हिए येथील, ज्यूंना डांबण्याच्या छावणीचे एक छायाचित्र आहे. त्यात पहाऱ्यावरच्या शिपायाची टोपी फ्रेंच पोलिसांची असल्याचे ओळखू येत होते, म्हणून सेन्सॉरच्या आग्रहापायी तिच्यावर तुळईसारखा एक आडवा पट्टा रंगवावा लागला. जर्मन अमलाखालच्या क्लेर्मों-फेराँ शहराची चौकशी करणारा मार्सेल ओफ्युल्सचा 'द सॉरो अँड द पिटी' १९६९ मध्ये तयार झाला, पण फ्रेंच दूरचित्रवाणीवर यायला १९८१ उजाडले. अल्जीरिया या फ्रेंच वसाहतीच्या स्वातंत्र्ययुद्धाबद्दल तर बोलायलाच नको : त्यावरचा ज्याँ-ल्युक गोदारचा 'ल पती सोल्दा' १९६० मध्ये बनला, पण बंदीमुळे प्रदर्शित झाला १९६३ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर. त्या युद्धाला अधिकृतपणे 'युद्ध' म्हणायला फ्रेंच संसदेने १९९९ पर्यंत वेळ घेतला.

धागालेखक

बंदी सरकारची होती. तिचा दोष दिग्दर्शकांच्या माथी का मारावा? त्याच रेनेचा 'म्युरिएल' (१९६३) पाहावा. अल्जीरियातून परतलेला बर्नार लष्करी मुक्कामावर हौसेने घेतलेली फिल्म दाखवतो. पडद्यावर हसणारे, उनाडणारे जवान दिसतात आणि त्याच वेळी तो एका मुलीचा छळ कसा झाला ते संथपणे सांगत राहतो. ती मुलगी एकदाही दिसत नाही. छळ प्रत्यक्ष दाखवला असता तर आपण मान फिरवली असती. इथे मान फिरवून सुटका नाही.

प्रतिसाद २

दोघांच्याही यादीतून वसाहतींचे सैनिक गळाले आहेत. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढलेल्या अशा सैनिकांवरच्या, रशीद बुशारेबच्या 'इंदिजेन'मध्ये (२००६) जहाजावर जेवणाच्या रांगेत टोमॅटो फक्त गोऱ्यांना मिळतात, तेव्हा उत्तर आफ्रिकेतला एक कॉर्पोरल ते बुटाखाली चिरडतो : मिळाले तर सर्वांना, नाही तर कोणालाच नाही. या चित्रपटात लढाया भरपूर आहेत आणि मांडणीही जुन्या वळणाची आहे, हे मान्य. तरीही त्याच्या प्रदर्शनाच्या सुमारास राष्ट्राध्यक्ष शिराक यांच्या सरकारने या माजी सैनिकांची गोठवलेली निवृत्तिवेतने फ्रेंच सैनिकांच्या बरोबरीला आणण्याचा निर्णय घेतला. संयमी चित्रपटांनी असे काही पदरात पाडून घेतल्याचे मला आठवत नाही.

प्रतिसाद १

निवृत्तिवेतनावरून चित्रपटाची प्रत ठरवू नये, एवढे धागालेखकांच्या बाजूने मीच म्हणतो. 'म्युरिएल'मधला तो प्रसंग थोर आहे, हेही कबूल. पण त्यात बोलतो कोण? छळात सामील असलेला फ्रेंच जवान. त्या मुलीला ना चेहरा आहे, ना आवाज. आणि 'म्युरिएल' हे तिचे खरे नाव नसणार, असे बर्नार स्वतःच सांगतो.