लस: जखमेतली आणि सुईतली

आईच्या पायाची जखम पुसत होतो. ती म्हणाली, "पू नाहीये रे, नुसती लस येतेय." सातवीतला भाचा शेजारीच होता. त्याने लगेच विचारलं, "जखमेतून लस बाहेर कशी येईल? लस तर आत टोचतात ना?" मला काही सांगता आलं नाही. हे दोन वेगळे शब्द आहेत की एकच?

—

एकच, आणि मूळ अर्थ तुमच्या आईचा. चरकसंहितेच्या शारीरस्थानात कातडीखालच्या उदकाचा उल्लेख आहे. तेच व्रणात आलं की त्याला 'लसीका' म्हणतात. पू दाट, लस पातळ आणि जरा चिकट, हा फरक घरोघरी माहीत असतो.

आता सुईतली. १७९६ मध्ये एडवर्ड जेनरने एका गवळणीच्या हातावरचा, गाईंच्या देवीचा फोड घेतला आणि त्यातला द्रव आठ वर्षांच्या मुलाला टोचला. फोडातला द्रव म्हणजे लसच की! इंग्रजही त्याला लिंफ, म्हणजे लसच म्हणत. आपल्याकडे १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली आणि तिच्या फोडातली लस घेऊन पुढच्या मुलांना. एका दंडातून दुसऱ्या दंडात असा तो प्रवास. पुढे वासरांच्या कातडीवर फोड वाढवून लस काढू लागले. त्यामुळे त्या काळच्या माणसाला तुमच्या भाच्याचा प्रश्न पडलाच नसता. लस आधी बाहेर यायची, मगच आत जायची.

—

गुजरातीत 'रसी' म्हणजे पूसुद्धा आणि लससुद्धा. कानडीत 'लसिके'. हिंदीने मात्र द्रव सोडून खूण धरली: टीका.

—

पण हाफकिनने १८९७ साली मुंबईत प्लेगवर जे तयार केलं त्यात कुठला फोड? रश्श्यात वाढवून मारलेले जंतू होते ते. तरी लसच म्हणतो आपण.

—

बरोबर. तोवर शब्द पदार्थापासून सुटून कामाला चिकटला होता. तरी पूर्ण सुटला नाही असं मला वाटतं. पोलिओचे थेंब असतात तेव्हा बायका "डोस पाजून आणला" म्हणतात, "लस पाजली" फक्त सरकारी फलकावर. लस म्हटली की टोचणं आलंच.

आमची आजी तर लस म्हणायचीच नाही. "देवी काढल्या" म्हणायची. रोगही देवी, त्यावरचा उपायही देवी, आणि गावात येणारा तो देवीचा डॉक्टर. रोग जगातून गेल्याचं १९८० साली जाहीर झालं, पण त्यानंतर जन्मलेल्यांच्या दंडावरचा बीसीजीचा, म्हणजे क्षयावरच्या लशीचा वणही आमच्याकडे 'देवीचा'च.

—

विषय निघालाच आहे तर: 'लसीचा' की 'लशीचा'? कोविडच्या वेळी दोन्ही वाचून डोकं उठलं होतं.

—

लशीचा. म्हैस-म्हशीचा, घूस-घुशीचा, तसंच हे. 'लसीकरण' बघून लोक 'लसीचा' लिहितात, पण तिथला 'ई' संस्कृत घडणीचा आहे, सामान्यरूपाचा नाही. खरं तर शुद्धीकरण म्हणजे जे शुद्ध नाही ते शुद्ध करणं. त्या न्यायाने लसीकरण म्हणजे माणसाचीच लस करणं! पण शब्द रुळलाय, आता कोण काढणार?

—

आभार. आईच्या जांघेत अवधाणही आलं होतं. डॉक्टर म्हणाले, लिंफ नोड सुजलाय, जखम बरी झाली की बसेल. आता भाच्याचं विज्ञानाचं पुस्तक उघडून बसलोय, तर त्यात लिंफला 'लसिका' म्हटलंय. म्हणजे आईची लस तिथे आहेच, फक्त ऱ्हस्व होऊन.