बदलापूरहून नौपाड्यात आलोय, सासऱ्यांचं मन रमत नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बदलापूर पश्चिमेला आमचं तळमजल्याचं घर. माझं ऑफिस ऐरोलीला, नवऱ्याचं मुलुंडला. सकाळी बदलापूर लोकलमध्ये चेंगरत ठाण्याला यायचं, पूल चढून नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर ऐरोलीकडची ट्रान्सहार्बर लोकल पकडायची, संध्याकाळी तेच उलटं. शेवटी दिवाळीनंतर ठाण्यातच, नौपाड्यात भाड्याने फ्लॅट घेतला. आता दिवेलागणीला मी घरात असते. लेकाला शाळा जवळ पडते. आमचं तिघांचं म्हणाल तर मस्त चाललंय.

प्रश्न बाबांचा आहे, म्हणजे सासऱ्यांचा. वय ७४, अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त, तब्येत ठणठणीत. तिकडे पहाटे बॅरेज रोडने नदीपर्यंत फेरी, येताना टपरीवर चहा, मग कोणाचा तरी बँकेचा नाहीतर पेन्शनचा फॉर्म भरून देणे, संध्याकाळी स्टेशनबाहेर भाजी. भाजीवाल्याशी हुज्जत घातल्याशिवाय कोथिंबीर घरात आली नाही कधी. इथे चौदाव्या मजल्यावर त्यांना करायला काहीच नाही. लिफ्टमध्ये भेटेल त्याला "काय, ऑफिसला का?" असं विचारून पाहिलं त्यांनी. लोक मोबाइलमधून मान वर न करता "हं" म्हणतात. आता तेही विचारत नाहीत.

त्यात एक प्रकार घडला. त्यांचे मावसभाऊ वांगणीहून पेरू घेऊन आले. गेटवर वॉचमनने अ‍ॅपवर परवानगी मागितली, ती आली माझ्या फोनवर, मी मीटिंगमध्ये. इंटरकॉम बंद. काका पिशवी गेटवर ठेवून परत गेले. बाबा कोणाला काही बोलले नाहीत, पण त्यानंतर नातेवाइकांना "या" म्हणणंच बंद केलंय.

शेजारच्या प्लॉटवर रिडेव्हलपमेंट चालू आहे. दिवसा बाबा गॅलरीतून त्या कामाची पाहणी करतात (इंजिनीअरपेक्षा बारकाईने!) आणि रात्री त्याच कामाच्या आवाजाने घरात कोणाला झोप नाही.

नवरा म्हणतो रुळतील हळूहळू. मला ते पटत नाही. माणूस आपोआप रुळत नाही, त्याला रोज कुठेतरी जायला लागतं. तर नौपाड्यातून पायी जाता येईल असं सकाळचं ठिकाण कुठलं, जिथे त्यांच्या वयाची माणसं भेटतील? रात्रीच्या बांधकामाची तक्रार कुठे करायची? आणि बदलापूरचं घर भाड्याने द्यावं का? भाड्याला भाडं निघेल म्हणून नवरा मागे लागलाय, बाबा विषय काढला की उठून जातात.

प्रतिसाद

ताई, सकाळसाठी कचराळी तलाव. पाचपाखाडीत, महापालिका भवनाशेजारी. नावावर जाऊ नका, जागा छान आहे. तळ्याभोवती चालायची वाट आहे आणि सकाळी निवृत्त मंडळींचे कंपूच असतात. फक्त पहिले काही दिवस कोणीतरी सोबत जा, कारण कंपू आपापल्या बाकांवर ठरलेले असतात, नवा माणूस लांबूनच परत फिरतो. नौपाड्यातच घंटाळी मित्र मंडळाचे योगवर्ग आहेत, तिथे चौकशी करा. वाचायची आवड असेल तर स्टेशनजवळचं मराठी ग्रंथ संग्रहालय, १८९३ पासूनचं. मुलासाठी सेंट्रल मैदान, पण सुट्टीच्या दिवशी चेंडू कुठल्या मॅचचा ते शोधावं लागेल.

प्रतिसाद

बांधकामाबद्दल. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे आहेत, त्यांत २०१० साली दुरुस्ती झाली. रात्री १० ते सकाळी ६ निवासी भागात आवाज करणारी बांधकामाची यंत्रं वापरता येत नाहीत. निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, काँक्रीट मिक्सरपुढे ती केव्हाच ओलांडली जाते. आवाज चालू असतानाच पोलिसांच्या ११२ नंबरला फोन करा, सकाळी करून उपयोग नाही. शिवाय महापालिकेच्या नौपाडा-कोपरी प्रभाग समितीत लेखी अर्ज द्या. साइटबाहेरच्या फलकाचा फोटो जोडा, परवानगीचा तपशील त्यावर असतो. अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर गेला तर उत्तम.

आणि अ‍ॅपमध्ये बाबांचा नंबर घाला हो! एका फ्लॅटला एकाहून जास्त नंबर बहुतेक अ‍ॅपमध्ये चालतात. घरचा माणूस घरात असताना पाहुण्याची परवानगी ऐरोलीहून कशाला?

प्रतिसाद

घर एवढ्यात भाड्याने देऊ नका. आम्ही डोंबिवलीचं दिलं आणि आईचा परतीचा दोरच कापला असं तिला वाटलं. तुमच्या बाबांना दुपारच्या लोकलने एकटं जाऊ द्या. ठाणे-बदलापूर जेमतेम पाऊण-एक तास, दुपारी बसायला जागा मिळते, ज्येष्ठांची राखीव आसनंही असतात. घर उघडतील, दोन फॉर्म भरून देतील, संध्याकाळची गर्दी व्हायच्या आत परत. मावसभावांनाही तिथेच भेटता येईल.

प्रतिसाद

वरच्यांशी असहमत. बदलापूरच्या पावसात बंद घर ठेवून बघा, कपाटामागे बुरशीची नक्षी येते. द्यायचंच तर लीव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच करा, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असते. भाडेकरूची माहिती पोलिसांत द्या. घर सोसायटीत असेल तर बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येतं, जास्त मागितलं तर सरकारी आदेश दाखवा. मधला मार्ग म्हणजे एक खोली कुलपात ठेवून बाकीचं द्यायचं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. अ‍ॅपमध्ये बाबांचा नंबर घातला. आता ते कुरिअरवाल्याची दहा मिनिटं उलटतपासणी घेतात, वॉचमन वैतागलाय, पण घरात आवाज आहे.

कचराळीला नवरा घेऊन गेला होता. बाबांचं मत: "तळं बरं आहे. लोक फार जोरात चालतात." दुसऱ्या दिवशी मात्र नवरा उठायच्या आधी बूट घालून तयार होते.

घराचा निर्णय पावसाळ्यापर्यंत पुढे ढकललाय. बाबा बुधवारी बदलापूरला जाणार आहेत, लोकलचं वेळापत्रक स्वतः लिहून फ्रिजवर लावलंय. एक खोली ठेवून द्यायची कल्पना त्यांच्यापुढे मांडली तर पहिल्यांदाच उठून न जाता "भाडेकरू कोण?" असं विचारलं.

११२ ला फोन केला, त्या रात्री काम थांबलं, दोन दिवसांनी पुन्हा सुरू. प्रभाग समितीचा अर्ज तयार आहे, सेक्रेटरींनी सही दिलीय. टपालाने पाठवला तर चालतो का, की जाऊनच द्यावा लागतो?

प्रतिसाद

जाऊनच द्या. दोन प्रती न्या आणि एकीवर तारखेसह पोच शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. फॉर्म-अर्जाचं काम आहे, बाबांनाच पाठवा की.