थायरॉईडच्या गोळीचा डोस तुमचा कसा बसला? अनुभव लिहा

अबोली:
थायरॉईडवाले इथे बरेच आहेत म्हणून धागा काढतेय. मला हाशिमोटो आहे (शरीर स्वतःच थायरॉईडवर हल्ला करतं तो आजार), थायरॉईड हार्मोनची गोळी ५० मायक्रोग्रॅमची चालू होती, यावेळी टीएसएच (थायरॉईडला काम कर म्हणून सांगणारं हार्मोन, थायरॉईड कमी पडली की हा आकडा वाढतो) ७.८ आला म्हणून ७५ केलीय आणि डॉक्टर म्हणाले सहा ते आठ आठवड्यांनी परत टेस्ट, त्याआधी नको. तोवर काय असंच ढेपाळून बसायचं का, सकाळी उठतानाच अंगात त्राण नसतं, केस तर कंगव्यात पुंजकेच्या पुंजके येतात. तुमचा डोस आकडा बघून ठरला की लक्षणं बघून, आणि बरं कधी वाटलं ते लिहा. औषधं सुचवू नका, ते डॉक्टर बघतील.

कोकणकडा:
सहा आठवडे उगाच सांगत नाहीत. ही गोळी रक्तात निम्मी व्हायलाच साधारण आठवडा घेते, त्यामुळे नवीन डोस स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात आणि टीएसएच त्याच्याही मागून रांगत येतो. आमच्या ऑफिसात एक साहेब आहेत, ऑफर दिसली की फुल बॉडी पॅकेज करतात आणि दर वेळी नवा आकडा घेऊन डॉक्टरांशी वाद घालतात. मला अंगातला जडपणा कमी झालेला आधी जाणवला, केसांना मात्र काही महिने गेले.

मधली सुट्टी:
आमच्या सासूबाईंचं सांगते. टीएसएच काही केल्या उतरेना, डोस १०० चा १२५ होणार होता, पण डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं की आजी, सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सांगा. तर आईंचं असं की बीपीची, कॅल्शियमची, थायरॉईडची सगळ्या गोळ्या एका मुठीत आणि वर दुधाच्या चहाचा घोट! बाईंनी डोसला हातच लावला नाही. थायरॉईडची एकटी, उठल्यावर साध्या पाण्याबरोबर, चहा तासाभराने, आणि कॅल्शियम नेलं दुपारच्या जेवणावर, कारण कॅल्शियम नि लोहाच्या गोळ्यांत आणि हिच्यात चार तासांचं अंतर लागतं. पुढच्या रिपोर्टला टीएसएच ३ च्या आत. आता चहा उशिरा मिळतो म्हणून रोज सकाळी माझ्यावर राग निघतो ते वेगळं.

चिंचगुळ:
प्रेग्नन्सीत माझा डोस टेस्ट पॉझिटिव्ह आली त्याच आठवड्यात वाढवला, लक्षणांची वाट बघितली नाही. बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी नीट कामाला लागेपर्यंत सगळं आईच्या हार्मोनवर असतं म्हणे. नवीन गोळी नाही दिली, तीच आठवड्यातून दोन दिवस डबल, म्हणजे सातच्या जागी नऊ. मग दर महिन्याला टीएसएच. डिलिव्हरीनंतर लगेच जुन्या डोसवर आणलं आणि दीड महिन्याने परत रक्त.

भटका जीव:
डोस वाढवण्याची घाई नको, विशेषतः म्हाताऱ्या माणसांत. बाबा सत्तरीच्या पुढे, अँजिओप्लास्टी झालेली, टीएसएच ६ च्या आसपास. इथल्या हार्टच्या डॉक्टरांनी काहीच दिलं नव्हतं, म्हणाले या वयात थोडा वर असतोच. गावी गेल्यावर एकांनी रिपोर्ट बघून थेट ७५ सुरू केली. महिनाभरात हात थरथरायला लागले, झोप उडाली, वजन उतरलं, आणि एका रात्री छातीत इतकी धडधड की आयसीयू गाठावं लागलं, ठोके पार अनियमित. टीएसएच निघाला ०.०४. गोळी बंद केली, नंतर काही महिन्यांनी टीएसएच आपला परत ५ वर, आणि माणूस ठणठणीत. हृदयाचा त्रास असेल आणि गोळी खरंच लागणार असेल तर साडेबारा किंवा २५ पासून हळूहळू चढवतात हे आम्हाला त्या आयसीयूबाहेर कळलं.

रानजाई:
माझं उलटं, टीएसएच २.१ आणि तरी जिना चढताना धाप. मी डोस वाढवा म्हणून मागे लागलेले. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन बघितलं, ९, बी१२ पण तळाला. ते भरून काढल्यावर थकवा गेला, गोळी तीच. सगळंच थायरॉईडच्या माथी मारू नका.
आणि अबोली, केसांसाठी बायोटिन (ते एक व्हिटॅमिन) घेतेस का? काही लॅबच्या पद्धतीत त्याने टीएसएच खोटा कमी आणि टी४ (थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन) खोटा जास्त दिसतो, डोस जास्त झालाय असं वाटून कमी करून टाकतील. रक्त द्यायच्या निदान दोन दिवस आधी बंद ठेवायला सांगतात, तुझ्या डॉक्टरांना विचार.

कोकणकडा:
हो, आणि रक्त देऊन आल्यावर गोळी घ्यायची. आधी घेतली तर फ्री टी४ काही तास चढलेला दिसतो.

अबोली:
रानजाई ताई, घेतेय ना, त्या गोडगोड गोळ्या मैत्रिणीने दिल्यात! डॉक्टरांना हे सांगितलंच नव्हतं कारण ते औषधात मोजायचं असतं हेच डोक्यात नाही आलं, उद्याच फोन करते. अजून एक, पुढच्या महिन्यात माझी नाईट शिफ्ट सुरू होतेय, सकाळी घरी आल्याआल्या भूक लागते, मग उपाशीपोटी कधी घ्यायची?

चिंचगुळ:
माझी जाऊ नाईटला असते, ती झोपायच्या आधी घेते. शेवटच्या खाण्यानंतर तीन तास जाऊ द्यायचे, आणि रोज तीच पद्धत, आज सकाळी उद्या रात्री असं नाही. बदललंस तर सहा आठवड्यांनी टीएसएच कर, तिचा थोडा हलला होता.