चर्चच्या मंडळीत जातीबद्दल बोलायला सुरुवात कुठून करायची? (सोलापूर)

शेंगाचटणी | ६ ऑगस्ट २०२५

सगळ्यांना सलाम. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

आमची मंडळी सोलापुरातली, मिशनच्या काळापासूनची. सव्वाशेच्या आसपास घरं. बाहेरून बघाल तर सगळे ख्रिस्ती. आत मात्र कोणाच्या पणजोबांनी कुठल्या वाड्यातून येऊन बाप्तिस्मा घेतला, हे म्हाताऱ्या बायकांना तोंडपाठ आहे. महारवाड्यातून आलेले, मांगवाड्यातून आलेले, तेलुगू बोलणारी काही घरं, आणि सेटलमेंटमधली बारा-पंधरा घरं.

सोलापूरबाहेरच्यांसाठी थोडक्यात. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. पुढे त्यातल्या कैकाडी, पारधी, कंजारभाट अशा लोकांना इथं तारेच्या कुंपणात ठेवलं. हजेरी द्यायची, विचारल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, गिरणीत कामाला जायचं तेही मोजून. हीच ती सेटलमेंट. ही वसाहत एके काळी अमेरिकन मराठी मिशन चालवत होतं. म्हणजे आमच्या आजोबांना ज्यांनी पाटी-पेन्सिल दिली, तेच तिकडे हजेरी घेत होते. मला हे पंचेचाळिशीला कळलं. संडे स्कूलमध्ये दावीद आणि गल्याथ दहादा शिकवला, हे एकदाही नाही. १९५२ ला कायदा गेला, तार गेली. 'सेटलमेंटवाले' हा शब्द काही गेला नाही.

आता मूळ गोष्ट. मागच्या डिसेंबरात नाताळच्या कॅरलच्या फेरीत आम्ही एका रात्री अकरा घरं केली. वर्गणीचा डबा तरुण संघातल्या एका पोराकडे होता. सेटलमेंटमधलं घर, वय एकोणीस, आवाज असा की 'शांत रात्री' त्यानं सुरू केलं की कुत्री पण गप्प बसतात. चर्चच्या व्हरांड्यात पैसे मोजले तर २,४०० रुपये कमी. कोणी काही बोललं नाही, पण सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. मग एक बाई म्हणाली, "जरा त्याची पिशवी बघा की." त्यानं स्वतःच पिशवी जमिनीवर उलटी केली. मफलर, पाण्याची बाटली, गाण्यांची वही, अर्धा पाव.

पैसे दुसऱ्या दिवशी सापडले. दोन घरांनी पाकिटं दिली होती, ती खजिनदारांच्या कोटाच्या आतल्या खिशात होती. ते "अरे हो की" म्हणाले आणि पावती फाडली. त्या दिवसापासून पोरगं चर्चला आलेलं नाही. त्याची आजी येते. पूर्वी तिसऱ्या बाकावर बसायची, आता दाराजवळ बसते.

मी महिला मंडळाची सेक्रेटरी. गुरुवारच्या चार बैठका माझ्या हातात आहेत आणि हा विषय घ्यायचा आहे. पाळकसाहेब म्हणतात, "ख्रिस्तात ना यहूदी ना हेल्लेणी (ग्रीक), मग आपल्यात जात आलीच कुठून?" कमिटीतले म्हणतात, झाकली मूठ असू द्या. तुमच्याकडे कोणी असं काही केलंय का? सुरुवात कुठून केली? काय करू नये?

---

निवृत्त_मास्तर | ७ ऑगस्ट २०२५

सलाम, ताई. मी नगरचा, चाळीस वर्षं संडे स्कूल घेतली.

पाळकसाहेबांशी त्यांनी काढलेल्या वचनावरून वाद घालू नका, हराल. त्यांना बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय वाचायला सांगा. मंडळी नुकतीच जन्मलेली, आत्मा ताजा, तरी भांडण कशावरून? रोजच्या वाटपावरून. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना वाढताना वगळलं जात होतं. प्रेषितांनी "ख्रिस्तात असा भेद नसतोच" म्हणून कुरकूर दाबली नाही. सात माणसं नेमली. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावं ग्रीक! ज्यांची तक्रार होती त्यांच्याकडचीच माणसं वाढायला उभी केली. मी वर्गात हा अध्याय घेतो तेव्हा एकच प्रश्न विचारतो: आपल्याकडे पळी कोणाच्या हातात आहे? मग कमिटी, किल्ल्या, हिशेबाची वही, सणाच्या जेवणाचा भटारखाना, एकेकाचं नाव लोक आपणहून घेतात. जात हा शब्द मला उच्चारावाच लागत नाही.

दुसरं, लांबचं उदाहरण आधी द्या. दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनॉडनं (धर्मसभेनं) १८५७ साली ठराव केला, की काहींच्या 'दुर्बलतेमुळे' गोऱ्या आणि काळ्या सभासदांच्या उपासना वेगळ्या घ्यायला हरकत नाही. दुर्बलता कोणाची? काळ्यांच्या शेजारी बसून प्रभुभोजन घेणं ज्यांना जड जात होतं, त्या गोऱ्यांची. त्या सोयीतून १८८१ ला वेगळं चर्चच उभं राहिलं. शंभर वर्षांनी, १९८२ साली, त्याच वेगळ्या काढलेल्या चर्चनं बेलहार इथं जाहीर केलं की असं वेगळं बसवणं शुभवर्तमानाच्या विरुद्ध आहे. हे सांगितलं की आपले लोक च्यक् च्यक् करतात, गोऱ्यांना नावं ठेवतात. ठेवू द्या. मग विचारा, आपल्याकडे कोणाच्या दुर्बलतेसाठी कोण दाराजवळ बसतंय?

या महिन्यात ३१ तारखेला रविवारच आहे, विमुक्त दिन, म्हणजे जन्मतः गुन्हेगार ठरवणारा तो कायदा गेला तो दिवस. त्या दिवशी पाळकांकडून समेटावर संदेश ठेवा. आणि यंदा डबा परत त्याच मुलाकडे द्या, सगळ्यांसमोर.

---

स्पष्टवक्ता_बार्शी | ७ ऑगस्ट २०२५

मास्तरांचं छान आहे, पण पुस्तकी. माझं मत, बैठक घेऊ नका.

कारण कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दाखला आधी मुख्यतः हिंदूंना, १९५६ ला शिखांना, १९९० ला बौद्धांना. ख्रिस्ती अजून बाहेर. त्यामुळे आपल्या कितीतरी घरांत कागदावर एक आणि रविवारी एक असं चाललंय. पोरांची फी, नोकरी सगळं त्या कागदावर. अशा माणसाला तुम्ही गोल बसवून "तुमची पार्श्वभूमी सांगा" म्हणणार? तो उठून जाईल नाहीतर खोटं बोलेल. गप्प बसणारा प्रत्येक जण जातीयवादी नसतो, ताई. काही जण नुसते घाबरलेले असतात.

घ्यायचीच असेल तर इतिवृत्त लिहू नका, मोबाइल बाहेर टोपलीत, फोटो नाही, व्हॉट्सॲपवर एक अक्षर नाही. आणि चर्चमध्ये नको, कोणाच्या तरी घरी, सहा-सात जणी. माइक दिसला की आपल्या लोकांना भाषण सुचतं.

---

सात_रस्ता | ८ ऑगस्ट २०२५

मी सेटलमेंटचाच. तुमच्या मंडळीतला नाही, दुसऱ्या. पण व्हरांडा सगळीकडं सारखाच असतोय.

मास्तर, राग मानू नका. ३१ ऑगस्ट आमचा दिवस आहे. त्या दिवशी आम्ही आमच्या लोकांत असतो, मिरवणूक, भाषणं, पोरांचे सत्कार. त्या दिवशी चर्चमध्ये बसून तुमच्या समेटाचा संदेश ऐकायला आमच्यातलं कोण येणार? कॅलेंडरमध्ये ३६५ दिवस आहेत, दुसरा बघा.

दुसरं. बैठकीत आमच्या बायकांना "तुमचे अनुभव सांगा" म्हणू नका. दरवेळी आम्हीच रडायचं, बाकीच्यांनी शिकायचं, मग चहा. अनुभव तुमच्याकडं पण आहेत की. पिशवी बघा म्हणणारीला काय वाटलं होतं, मान वळवणाऱ्यांना काय दिसलं होतं, ते सांगा ना. ते कुणीच सांगत नाही बगा.

आणि एक विचारतो ताई. सगळं लिहिलंत, अर्धा पावसुद्धा लिहिला. "एक बाई म्हणाली" एवढंच लिहिलंत. कोण बाई?

---

शेंगाचटणी | ८ ऑगस्ट २०२५, रात्री

मी.

दिवसभर या प्रश्नाला बगल कशी द्यायची हेच शोधत होते, म्हणून उशीर.

माझे आजोबा बार्शीकडच्या एका गावात हॉटेलच्या मागच्या बाजूला जाऊन, कानतुटक्या कपात चहा प्यायचे. वेगळा कप, स्वतः धुवून खिळ्याला अडकवायचा. ही गोष्ट मी महिला मंडळात दोनदा सांगितली आहे, डोळे पुसत. त्याच तोंडानं मी ते वाक्य बोलले. त्या वेळी मनात काय होतं? 'चोर' असा शब्द नव्हता खरं तर. वाटलं की नुसतं बघून घेतलं म्हणजे शंका मिटेल, त्याच्याच भल्याचं आहे. दहा जणांच्या हातात पिशव्या होत्या. माझ्या खांद्याला पण होती.

---

सात_रस्ता | ९ ऑगस्ट २०२५

बरं झालं बोललात. आता बैठका राहू द्या दोन आठवडे. आधी त्यांच्या घरी जा, एकट्या जा, पाळकांना घेऊन जाऊ नका, फळं-बिळं नेऊ नका. पिशवी सगळ्यांसमोर उघडली होती, तर माफी पण सगळ्यांसमोर लागेल. पण ते चालेल का, हे आधी त्यांना विचारा. त्यांना तमाशा नको असेल तर नको.

---

शेंगाचटणी | २५ ऑगस्ट २०२५

काय झालं ते लिहिते, मास्तरांनी निरोप पाठवून विचारलं म्हणून.

आजींकडे गेले. वय ब्याऐंशी. पाणी येण्याचा दिवस होता (सोलापूरकरांना सांगायला नको), त्यामुळे निम्मं बोलणं हंडे भरता भरता झालं. मी माझं बोलले. त्या बराच वेळ नळीकडंच बघत होत्या. मग म्हणाल्या, "माझी आई हजेरीला उभी राहायची, मी पदराला धरून. नाव पुकारलं की 'हाय' म्हणायचं. तुझं ते पिशवीचं ऐकलं तेव्हा मला वाटलं, पुकारलं परत." पोरगा आत होता, बाहेर आला नाही. सगळ्यांसमोर बोलू का विचारलं, तर म्हणाल्या, "बोल. पण त्याचं नाव घेऊ नको. तुझं घे."

काल उपासना संपल्यावर, आशीर्वादाच्या आधी, पाळकसाहेबांनी दोन मिनिटं दिली. मी व्हरांड्यात उभं राहून बोलणार होते, ते म्हणाले आतच बोला. कागदावर लिहून नेलं होतं तरी पाय लटपटत होते. पहिलं वाक्य माझं नाव, दुसरं ते वाक्य जसंच्या तसं. निम्मे लोक खाली बघत होते, दोन घरं उठून गेली. खजिनदार बसल्या जागेवरून म्हणाले, "पाकिटं माझ्या खिशात होती, मी पण तेव्हा नीट सांगायला पाहिजे होतं." याची मला अजिबात अपेक्षा नव्हती. नंतर चहाला एका ताईंनी मला बाजूला घेऊन झापलं, की घरातली घाण वेशीवर टांगलीस. त्या आता माझ्याशी बोलत नाहीत.

पहिली बैठक येत्या गुरुवारी, माझ्या घरी, सात जणी. मोबाइल टोपलीत. सहावा अध्याय आणि मास्तरांचा पळीचा प्रश्न. आमच्यात सेटलमेंटमधली एकच येतेय, आणि तिनं आधीच सांगितलंय, मी नुसती ऐकायला येणार.

मास्तर, तुमचं डब्याचं पण आजींना विचारलं मी. यंदा डबा त्याच्याच हातात देऊ का म्हटलं. लगेच म्हणाल्या, "नको गं बाई. परत मोजायला बसाल आणि परत सगळ्यांचे डोळे त्याच्याकडं. डबा तूच धर. त्याला आलं मनात तर गाईल."