शिक्षकांनी मिळून पाठ ठरवले तर खरंच फरक पडतो का?

हिंगण्याची_मॅडम: मी नववीला विज्ञान शिकवते. पहिलाच धडा गतीचे नियम, त्यात अंतर-काल आलेख, आणि पोरं अक्षच उलटे काढून राहिली. गणिताच्या सरांना विचारलं तर अक्ष जिथं शिकवतात ती निर्देशक भूमिती गणित भाग दोनमधे सातवं प्रकरण, म्हणजे लई पुढं. आता आम्ही दोघांनी बसावं का, हेडमास्तर म्हणतात वेळ कुठाय.

गणितवाला: बसाच मॅडम! आम्ही बसलो होतो, आठवड्यातून एक ऑफ तास, डबा खाता खाता. मी आलेखाचे दोन तास आधी घेतले, पुढं विज्ञानाच्या मॅडमला परत शिकवावं लागलं नाही. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्याच्या आधीच वार्षिक नियोजन समोरासमोर ठेवा.

केंद्रशाळेतून: जपानात याला लेसन स्टडी म्हणतात, पाठ सगळे मिळून लिहितात, एक जण शिकवतो, बाकीचे मागं बसून पोरं कुठं अडकतात ते पाहतात, शिक्षकाला मार्क द्यायला नाही, आणि मग तोच पाठ सुधारतात. हे फार महत्त्वाचं आहे कारण आपल्याकडं वर्गात कोणी आलं की इन्स्पेक्शनच वाटते. शिक्षण परिषदेतही, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, परिपत्रकं वाचण्यातच वेळ जातो, त्यातला अर्धा तास एका पाठाला मागा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासाचे सांगितलेच आहेत, हेडमास्तरांना ते दाखवा.

हिंगण्याची_मॅडम: सोमवारी गणिताच्या सरांना माझ्या तासाला बोलावते. नवीन लागलेल्या मॅडमलाही, ती बिचारी एकटीच पडली आहे.