निष्कर्ष हातात नसताना परिषदेला प्रस्ताव पाठवावा का?

बर्डीवरचा

एम.ए. मानसशास्त्राला औद्योगिक शाखा घेतलेल्यांसाठी हा विषय काढतोय. कामाच्या ठिकाणच्या मानसशास्त्रावरच्या ज्या परिषदा विद्यार्थ्यांना सामावून घेतात, त्यांतल्या बऱ्याच ‘चालू संशोधन’ या गटात प्रस्ताव स्वीकारतात. डेटा पूर्ण झालेला नसला तरी चालतो. तरीही नागपुरात मुलांना सरसकट सांगितलं जातं, निकाल नाही तर अर्ज नाही. माझं मत उलट आहे. पाठवा.

कारण सगळं तारखांचं आहे. परिषद फेब्रुवारीत असेल तर प्रस्ताव, म्हणजे संशोधनाचा गोषवारा, ऑक्टोबर-नोव्हेंबरात मागतात. प्रबंध चौथ्या सत्रात, म्हणजे डेटा जानेवारीशिवाय येत नाही. वाट बघत बसलं तर पुढची परिषद येईपर्यंत मुलगी नोकरीला लागलेली असते आणि प्रबंध विभागाच्या कपाटात.

पण पोकळ प्रस्ताव नको. ३०० शब्दांची मर्यादा असेल तर प्रश्न आणि आधीच्या संशोधनात काय सुटलंय यावर ७० शब्दांपेक्षा जास्त घालवू नका. ‘आजच्या स्पर्धेच्या युगात’ने सुरुवात केली की तिथेच २० शब्द वाया. निम्मी जागा पद्धतीला द्या. उदाहरणार्थ: नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणाऱ्या कामगारांना पर्यवेक्षकाकडून मिळणारा आधार आणि त्यांची कार्यमग्नता (कामात मन किती गुंतलंय) यांचा संबंध. मग्नतेसाठी उट्रेख्ट मापनी या प्रश्नावलीचं ९ प्रश्नांचं रूप, प्रत्येक प्रश्नाला ० ते ६ गुण. सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीने बदलतात त्याचा आकडा; ० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.३ च्या आसपास अपेक्षित धरला तर ५ टक्के पातळीवर ८० टक्के क्षमतेसाठी (संबंध खरंच असेल तर तो सापडण्याची ८० टक्के शक्यता) ८५ पूर्ण फॉर्म लागतात, म्हणून १२० वाटणार. शेवटचं वाक्य आजच्या स्थितीचं: परवानगी मिळाली की नाही, डेटा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. एवढं असेल तर परीक्षक निकाल मागत नाही.

उमरेड_रोड

तारखांची अडचण खरी आहे, उपाय चुकीचा आहे. ‘डेटा गोळा करण्यात येईल’ या वाक्यावर परीक्षकाने गुण कशाचे द्यायचे?

पुढे काय होतं ते सांगतो, क्रम जवळपास ठरलेला असतो. कारखान्याचा एचआर तोंडी ‘या की’ म्हणतो. लेखी मागितलं की पत्र मुख्य कार्यालयाकडे जातं आणि ते पुण्या-मुंबईला असतं. त्यात दोन महिने सहज जातात. जानेवारी उजाडतो. मार्चमध्ये वर्षअखेर, ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन, त्याची तयारी फेब्रुवारीपासूनच. बाहेरच्या माणसाला शॉप फ्लोअरवर कोणी घेत नाही. मग गूगल फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. मामा, शेजारी, दादाचे मित्र. हाती येतात तीसेक फॉर्म. ‘कारखान्यातील कामगार’चं ‘नोकरदार व्यक्ती’ होतं. परिषदेच्या पुस्तिकेत एक शीर्षक, पोस्टरवर दुसरं.

याहून वाईट म्हणजे नोव्हेंबरातच लिहिलेलं ‘सकारात्मक संबंध दिसून आला’. गाईड सांगतात, निकालाची ओळ टाकून दे, नंतर बघू. ही बनावट माहिती आहे, तिला दुसरं नाव नाही.

आणि ही घाई कशासाठी, तर प्रमाणपत्रासाठी. यूजीसीच्या २०१६ च्या नियमांत पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी परिषदांत दोन निबंध वाचणं सक्तीचं होतं. २०२२ च्या नियमांत ती सक्ती राहिली नाही. एम.ए.ला तर ती कधीच नव्हती. माझी अट: लेखी परवानगी आणि निदान २५-३० जणांची पूर्वचाचणी हातात असल्याशिवाय प्रस्ताव नाही.

पाळी_सी

परवानगीबद्दल उमरेड_रोड बरोबर आहेत, पण दोन महिने लागतात ते पत्र वाईट असतं म्हणून. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र ‘संशोधनासाठी सहकार्य करावे’ एवढंच म्हणतं. कारखान्याला तीन गोष्टींची भीती: युनियनला काय वाटेल, नाव बाहेर जाईल का, उत्पादन थांबेल का. या तिन्हींची उत्तरं पत्रात हवीत. कंपनीचं नाव कुठेही येणार नाही. वैयक्तिक उत्तरं व्यवस्थापनाला मिळणार नाहीत, फक्त एकत्रित गोषवारा मिळेल. एका माणसाचे १२ मिनिटं, एका वेळी १५ जण, प्रशिक्षण हॉलमध्ये. सोबत प्रश्नावलीची प्रत जोडा, कारण ‘पर्यवेक्षक’ हा शब्द दिसला की ती मागतातच. युनियनच्या सचिवांना वेगळं भेटा, आणि एचआरच्या आधी नव्हे, नंतर.

पाळी सुटताना फॉर्म देऊ नका. बाहेर कंपनीची बस उभी असते, माणूस सगळीकडे ३ वर खूण करून पळतो. पाळी सुरू होण्याआधीही नको, हजेरीची गडबड असते. चहाच्या सुट्टीला लागून घ्या.

फॉर्म सुपरवायझरने वाटले तर ‘पर्यवेक्षकाचा आधार’ मोजूच नका, सगळ्यांचा सुपरवायझर देवमाणूस निघेल. कुलूप लावलेली पेटी, फॉर्मवर टोकन नंबर नाही, आणि ‘भरला नाही तरी चालेल’ हे तोंडाने सांगणं. नैतिकता समितीची मंजुरी याच्याआधी घ्यायची असते, नंतर मिळत नाही. हे सगळं दिवाळीपूर्वी उरकलं तर बर्डीवरच्यांचा प्रस्ताव पोकळ राहत नाही. म्हणून मी ‘पाठवा’च्या बाजूने.

मापनपट्टी

परवानगीवर वाद चाललाय, पण मूळ आकडाच लटका आहे. ०.३ कुठून आला? आपल्या क्षेत्रातल्या १,४७,३२८ सहसंबंधांचा २०१५ चा आढावा आहे, त्यात मध्यक (मधोमध येणारा आकडा) ०.१६ निघाला. ०.२ धरला तर १९४ जण लागतात. ०.१६ धरला तर ३०० च्या वर. ८५ फॉर्ममध्ये ‘संबंध आढळला नाही’ आलं तर त्याचा अर्थ संबंध नाही असा होत नाही, नमुना अपुरा होता एवढाच होतो. आणि विद्यार्थी पोस्टरवर लिहितो, ‘गृहीतक फेटाळले’.

एकट्या विद्यार्थ्याला ३०० कामगार मिळणार नाहीत हे मान्य. मग दोन वाटा. एकाच विभागातल्या तीन-चार जणांनी समान प्रश्नावली ठेवून डेटा एकत्र करायचा, प्रत्येकाचा प्रश्न वेगळा, आणि हे प्रत्येक प्रस्तावात उघड लिहायचं. किंवा आकड्यांचा हट्ट सोडून १२-१५ सखोल मुलाखती. कोळसा काढणाऱ्या वेस्टर्न कोलफिल्ड्स कंपनीचं मुख्यालय नागपुरात, खाणी उमरेड-कामठीला. आपल्या शास्त्रातला एक पायाभूत लेख, ट्रिस्ट आणि बॅमफर्थ यांचा १९५१ चा, ब्रिटनच्या कोळसा खाणींवरचाच आहे, आणि तो प्रश्नावलीच्या जोरावर उभा नाही. यंत्राने कोळसा काढायची पद्धत बदलली तशा कामगारांच्या टोळ्या कशा मोडल्या, हे त्यात आहे. इथे मुलं मात्र बँकेतल्या ताणावर तोच तोच फॉर्म भरून घेतात.

बर्डीवरचा

@मापनपट्टी, ०.१६ हा सगळ्या प्रकारच्या संबंधांचा मध्यक आहे. वृत्ती (माणसाला काय वाटतं) आणि वर्तन (तो काय करतो) यांचे संबंध कमकुवत असतात, वृत्ती-वृत्तीचे बरेच जास्त. आधार आणि मग्नता दुसऱ्या गटात येतात. ०.३ अगदीच हवेतून नाही.

मापनपट्टी

जास्त का येतात तेही लिहा ना मग. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने, एकाच फॉर्मवर, एकाच दहा मिनिटांत भरल्या म्हणून. त्या दिवशी मूड बरा असला की सुपरवायझर पण बरा आणि काम पण बरं. यालाच सामाईक पद्धतीचा दोष म्हणतात. तो तपासायची हार्मनची एक-घटक चाचणी लावून ‘सामाईक पद्धतीचा दोष आढळला नाही’ लिहिणं हा उपाय नव्हे, ती चाचणी फार ढिली आहे. निदान दोन मापनं दोन आठवड्यांच्या अंतराने घ्या. ते जमत नसेल तर ‘परिणाम’ हा शब्द शीर्षकातून काढा. एकदाच घेतलेल्या प्रश्नावलीतून ‘परिणाम’ कळत नाही, फक्त संबंध कळतो. प्रस्ताव नाकारायला हा एक शब्द पुरतो.

झिरो_माईल

राजेहो, तुमी आकड्यावर भांडून राह्यले, पन फॉर्म कोन्त्या भाषेत देनार हे कोनीच नाही बोलून राह्यलं. बुटीबोरीत बिहार-यूपीचे पोरं बी हायेत, छत्तीसगडचे बी. मराठी फॉर्म तेयले कायचा समजते? अन् इंग्रजीतून मराठी केलं तर ‘माझ्या कामात मी स्वतःला झोकून देतो’ हे वाचून मानूस इचारते, मशीनमंदी का? एकानं भाषांतर करा, दुसऱ्यानं मूळ न पाह्यता ते उलटं इंग्रजीत करा, मंग दोन्ही जुळवा. पाच-सहा कामगाराइले वाचून दाखवा अन् इचारा, तुमाले काय समजलं ते सांगा. एवढं केलं तर गोषवाऱ्यात एक ओळ लिहा, परीक्षक खूश होते. मराठी अन् हिंदी दोन्ही फॉर्म वापरले तर दोन्ही गटाचे गुन सरळ एकत्र टाकू नका. शंभर-सव्वाशे लोकाइत मापनी दोन्ही भाषेत सारखीच चालते हे दाखवता येत नाही. एकच भाषा धरा.

अन् सात पर्यायाची पट्टी वाचता वाचता मानूस कटायते. तोंडी इचारनार असान तर तसंच लिहा, लपवू नका.

धंतोली_२

मापनीवरून आठवलं. बर्नआउटसाठी, म्हणजे कामाने येणारा थकवा मोजायला, मास्लाकची २२ प्रश्नांची मापनी कोणाच्या तरी जुन्या प्रबंधाच्या परिशिष्टातून उतरवून घेतात. तिचा परवाना विकत घ्यावा लागतो, आणि जाणकार परीक्षक तो विचारतो. बर्नआउटचीच कोपनहेगनची १९ प्रश्नांची मापनी मोफत आहे. उट्रेख्टची मग्नता मापनी बिगर-व्यावसायिक संशोधनाला मोफत. कोणती वापरली, किती प्रश्न, कोणत्या भाषेत, हे गोषवाऱ्यात हवंच. ‘प्रमाणित चाचणी वापरली’ एवढं पुरत नाही.

नाव झाकून परीक्षण असेल तर वर्डच्या फाइलमधून लेखकाचं नाव काढा: फाइल, इन्फो, चेक फॉर इश्यूज, इन्स्पेक्ट डॉक्युमेंट. मजकुरात ‘आमच्या महाविद्यालयातील’ राहिलं की झाकलेलं उघडं पडलं.

लेखकांचा क्रम पाठवण्याआधी ठरवा, आणि ई-मेलवर. ज्याचा प्रबंध त्याचं नाव पहिलं, गाईडचं दुसरं. गाईडना न दाखवता त्यांचं नाव टाकू नका. त्यांनी वाचलं नसेल तरी जबाबदारी त्यांचीही होते.

उमरेड_रोड

पाळी_सी यांनी सांगितलेलं पत्र घेऊन दिवाळीपूर्वी लेखी होकार आणणाऱ्याला माझी हरकत नाही. तशी मुलं फार थोडी, बाकीच्यांना तुम्ही ‘पाठवा’ म्हणताय. निवड झाल्यावर डेटा आला नाही तर काय करायचं, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

बर्डीवरचा

मागे घ्यायचं. पण वेळेत. पुस्तिका छपाईला जाण्याआधी संयोजकांना मेल, शीर्षक आणि प्रस्ताव क्रमांकासह. नोंदणी शुल्क परत मिळतं का, हे निवडीच्या पत्रातच बघून ठेवा. अर्धा डेटा असेल तर मागे घेऊ नका. ‘४१ फॉर्मवरचं प्राथमिक वर्णन’ म्हणून मांडा: सरासरी, प्रमाण विचलन (उत्तरं किती पसरलीत), मापनीची विश्वसनीयता, बस. सार्थकतेची चाचणी (संबंध निव्वळ योगायोगाचा आहे का हे बघणारी) लावायची नाही. चालू संशोधनाच्या गटात लोक ‘तुझ्या फॉर्मचा चौथा प्रश्न मला कळला नाही’ असं सांगतात, आणि ते प्रबंध बांधून झाल्यावर कळण्यापेक्षा तेव्हा कळलेलं बरं.

उमरेड_रोड

४१ फॉर्मवर टेबल मांडून उभं राहायचं आणि समोरचा ‘मग निष्कर्ष काय?’ विचारणार. मुलाला त्याचं उत्तर आधी शिकवून पाठवा. ‘अजून नाही’ म्हणायला धाडस लागतं.

झिरो_माईल

पोस्टर छापन्याआधी स्टँड उभा हाय का आडवा ते इचारून घ्या बाप्पा. ए-झिरो म्हनजे ८४१ गुनिले ११८९ मिलिमीटर, जवळपास एक चौरस मीटर, फ्लेक्सवाला पावनेअकरा चौरस फूट धरते. आडवं छापून उभ्या स्टँडवर लावलं तर दोन्ही बाजू लोंबते. अन् छपाईले देनं असान तर पीडीएफ द्या. पॉवरपॉइंटची फाइल त्याच्या मशीनवर उघडली का देवनागरी अक्षरं फुटते, काना इकडं मात्रा तिकडं.