घानाचं एवढं कौतुक कशाला?

टेमाकर:
'हरावं कसं ते घानाकडून शिका' ही वाटाड्यांची पोस्ट वाचून डोकं तडकलं, म्हणून हे लांबण. घानाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाचे उमेदवार बावुमियांनी 8 डिसेंबर 2024 ला, निवडणूक आयोगाच्या घोषणेआधीच, विरोधी उमेदवार महामांना फोन करून हार मानली. कबूल. पण म्हणून लगेच आरती? 2020 च्या निवडणुकीत सान्त्रोकोफी, अक्पाफू, लिकपे, लोलोबी या भागांना ऐन मतदानाच्या तोंडावर कळवलं की तुम्ही फक्त राष्ट्राध्यक्षाला मत द्यायचं, खासदाराची मतपत्रिका तुम्हाला नाही. पुढची 4 वर्षं त्यांना संसदेत वालीच नव्हता. 2024 ची अब्लेकुमा नॉर्थ मतदारसंघाची जागा जुलै 2025 पर्यंत लटकली आणि फेरमतदानात गुंडांनी माजी मंत्रीणबाईंना बदडलं. ही म्हणे शिकवणी!

वाटाड्या:
तुम्ही कुसळं दाखवताय, मुसळ बघा. मोजणी मतदान केंद्रावरच होते, लोकांसमोर, मतपत्रिका एकेक वर धरून. आकडे 'पिंक शीट'वर, म्हणजे केंद्राच्या निकालपत्रकावर चढतात, पक्षांचे एजंट सह्या करतात, प्रत घेऊन जातात. म्हणून आपण हरलोय हे पक्षाला आयोगाआधी समजतं. बावुमियांकडेही स्वतःच्या पक्षाची बेरीज होतीच. मी सौजन्याचं नाही, त्या कागदाचं कौतुक करतोय. 2008 ला जेमतेम 40 हजार मतांच्या फरकाने सत्ता गेली, तरी दिली. 2012 च्या निकालावरचा खटला सुप्रीम कोर्टातून टीव्हीवर थेट दाखवला.

सडेतोड:
कागद म्हणालात ना? मग सोलापूरच्या मारकडवाडीकरांनी ईव्हीएमच्या निकालावर शंका आली म्हणून कागदावर मतदान घेऊन बघतो म्हटलं तर पोलीस का आले? आपल्याकडे...

अंजली:
सडेतोड, प्रत्येक धाग्यात ईव्हीएम घुसडायलाच हवं का? तुमचा वेगळा धागा आहे, तिकडे भांडा.
टेमाकर, मोजणी चोख झाली की जाब विचारून झाला, असं वाटाड्यांना वाटतं, माझं दुखणं ते आहे. मी घानातच, ताकोराडीत होते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचं माहेर प्रा नदीकाठी. गलामसेवाले, म्हणजे बेकायदा खाणवाले, सोन्यासाठी काठ उपसत गेले, तिच्या भावाची कोकोची झाडं पार खड्ड्यात गेली. तिने एकदा बाटलीत नदीचं पाणी भरून आणलं होतं, दूध जास्त झालेल्या चहासारखं. 2024 च्या ऑगस्टमध्ये केप कोस्ट शहराला पाणी देणारं केंद्र गाळाने पुरेसं पाणीच देईना. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आकुफो-आडो 2017 ला म्हणाले होते, गलामसेविरुद्धच्या लढाईसाठी अध्यक्षपदही पणाला लावीन. 2020 ला पुन्हा निवडून आले की! कुठे लागलं पणाला?

वाटाड्या:
2024 ला लागलं. त्यांचा पक्ष भुईसपाट झाला, महामांना 56 टक्क्यांवर मतं पडली.

अंजली:
ते महागाईमुळे हो! डिसेंबर 2022 ला दर 54 टक्के होता. सरकारी रोख्यांत आयुष्याची पुंजी अडकलेले पेन्शनर 2023 ला अर्थखात्याच्या दारात फलक घेऊन उभे होते, माजी सरन्यायाधीश सोफिया आकुफो त्यांच्यात. नदीसाठी मत कोणी दिलं? आणि खाणपट्ट्यात धडक कारवाई केली की निवडणुकीत जागा जातात, हे दोन्ही पक्षांना पक्कं ठाऊक आहे. मावशींचा भाऊ तर शेवटी स्वतःच खाणीत उतरला. त्याने मत कुणाला द्यायचं, सांगा.

टेमाकर:
अंजलीताईंनी माझा मुद्दा माझ्यापेक्षा बरा मांडला. बरं वाटाड्या, तुमची पिंक शीट मस्त आहे, देव्हाऱ्यात ठेवा. पण नव्या सरकारने सप्टेंबर 2025 ला सरन्यायाधीशांनाच काढलं, त्यावर तुमची पोस्ट दिसली नाही ती?

वाटाड्या:
घटनेच्या कलम 146 खाली समिती बसली, तिच्या शिफारशीने काढलं. रणगाडे पाठवून नव्हे. शेजारी बुर्किना फासोत लष्कराने सत्ता बळकावलीय, ते बघा जरा.

टेमाकर:
म्हणजे आता मापदंड बुर्किना फासो! छान, खूपच खाली उतरलो की आपण.

वाटाड्या:
ठीक, सरन्यायाधीशांचं मला पण खटकलं. झालं समाधान? पण त्या 4 वर्षं खासदार नसलेल्या गावांना 2024 ला मतपत्रिका मिळाली, हेही लिहा की तुमच्या लांबणीत.

सडेतोड:
आणि ती कागदाची होती. नोंद घ्यावी.